घडीचे चाकू आणि कायदा: एकाच चाकूला चार वेगळी उत्तरं का मिळतात?

पोलादपाणी (धागाकर्ता)

"हा घडीचा चाकू कायदेशीर आहे का?" हा प्रश्न दर थोड्या दिवसांनी येतो आणि उत्तरं निम्मी ऐकीव असतात. म्हणून एकदाच काय ते मांडू.

आधी प्रश्न फोडून घ्या. घरात ठेवणं, खिशात घालून फिरणं, विकणं आणि परदेशातून मागवणं ही चार वेगळी कृत्यं आहेत. जपानमध्ये घरात चालणारा चाकू रस्त्यावर गुन्हा ठरतो. ब्रिटनमध्ये खटक्याचा चाकू विकायला १९५९ पासून बंदी आहे, पण घरातल्या कपाटात नुसता पडून असलेला चाकू २०२१ पर्यंत गुन्हा नव्हता. त्यामुळे "चालतो" म्हणणारा आणि "नाही चालत" म्हणणारा असे दोघंही खरं बोलत असतात. कशाबद्दल, तेवढं सांगायचं राहून जातं.

दुसरं, यंत्रणा. कायदा लिहिणारे बहुतेक वेळा तीन गोष्टी बघतात: पातं कशाने उघडतं, उघडल्यावर पक्कं अडकतं का, आणि लांबी किती.

स्लिपजॉइंट: पाठीतल्या कमानीच्या दाबाने पातं उघडं राहतं, कुलूप नसतं, जोर दिला की मिटतं. उघडायला नखाची खाच. बहुतेक ठिकाणी सर्वांत निर्धोक प्रकार हाच.

कुलपाचे: बॅक लॉक (पाठीतल्या दांडीचं), लायनर लॉक (मुठीच्या आतल्या पट्टीचं), फ्रेम लॉक (मुठीच्याच पट्टीचं), आडव्या दांडीचं कुलूप, ओपिनेल या फ्रेंच चाकूची फिरती कडी. मिटायला आधी काहीतरी दाबावं, सरकवावं किंवा फिरवावं लागतं.

एका हाताने उघडणारे: पात्यावर अंगठ्यासाठी खुंटी किंवा भोक, नाहीतर मुठीच्या पाठीतून बाहेर आलेलं फ्लिपरचं शेपूट.

असिस्टेड: पातं आपण हाताने थोडं ढकलायचं, पुढचं काम आतली पिळाची तार करते.

खटक्याचे, म्हणजे स्विचब्लेड: मुठीवरचं बटण दाबलं की स्प्रिंग पातं उघडते. काहींचं पातं कडेने फिरतं, काहींचं सरळ समोरून बाहेर येतं.

ग्रॅव्हिटी: कळ दाबली की पातं स्वतःच्या वजनाने घसरून बाहेर येतं आणि अडकतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन छत्रीधारी सैनिकांना असा चाकू दिला जायचा, म्हणजे एक हात दोरांत अडकला तरी दुसऱ्याने दोर कापता यावा.

फुलपाखरी किंवा बालिसाँग: दोन मुठींच्या मधे पातं.

सगळं भांडण यांच्या सीमारेषांवर आहे. असिस्टेड आणि खटक्याचा यात फरक काय? आडव्या दांडीच्या कुलपाचा चाकू ग्रॅव्हिटी होतो का? ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहा.

कानस

असिस्टेड-खटका वादाचं सर्वांत स्पष्ट उत्तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात आहे, आणि तेही अर्धशतक उशिरा आलं.

तिथला स्विचब्लेड कायदा १९५८ चा. व्याख्येला दोन पाय: मुठीतल्या बटणावर किंवा दुसऱ्या कळीवर हाताचा दाब दिल्यावर आपोआप उघडणारं पातं, किंवा जडत्वाने, गुरुत्वाकर्षणाने किंवा दोन्हींनी आपोआप उघडणारं पातं. हा कायदा राज्याराज्यांतला व्यापार आणि आयात अडवतो, शिवाय केंद्राच्या थेट अखत्यारीतल्या प्रदेशांत जवळ बाळगणंही. दंड २,००० डॉलरपर्यंत, कैद ५ वर्षांपर्यंत. राज्याच्या आत स्वतःजवळ ठेवण्याबद्दल तो बोलत नाही, ते राज्याचं राज्याने बघायचं.

व्याख्येच्या दुसऱ्या पायात गोम आहे. "जडत्वाने" म्हणजे मनगटाच्या झटक्याने उघडणारा कुठलाही चाकू का? मे २००९ मध्ये तिथल्या सीमाशुल्क खात्याने असिस्टेड चाकूंना परवानगी देणारे स्वतःचेच जुने निर्णय मागे घ्यायचा प्रस्ताव काढला. तो अंमलात आला असता तर एका हाताने उघडणारा जवळजवळ प्रत्येक चाकू अडकला असता. उत्पादक आणि चाकूधारक संघटनांनी रान उठवलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संसदेने पाचवा अपवाद घातला: ज्या चाकूत पातं मिटलेलं राहावं अशी ओढ निर्माण करणारी स्प्रिंग, डिटेंट (मिटलेलं पातं धरून ठेवणारा आतला अडका) किंवा दुसरी यंत्रणा आहे, आणि ती ओढ मोडायला हाताने, मनगटाने किंवा दंडाने पात्यावर जोर लावावा लागतो, तो स्विचब्लेड नाही.

म्हणजे पाहायच्या त्या दोनच गोष्टी. मिटलेल्या अवस्थेत पातं आत ओढलं जातं का? आणि जोर पात्यावर पडतो की मुठीवरच्या बटणावर? फ्लिपरचं शेपूट हा पात्याचाच भाग, त्यामुळे तो अपवादात बसतो. अंगठ्याची खुंटीही तशीच.

शंकासुर

त्या कायद्यात एका हाताच्या माणसाला सूट आहे असं ऐकलं होतं. खरं की कुणीतरी सोडलेली पुडी?

कानस

खरं. एकच हात असलेल्या व्यक्तीला ३ इंच किंवा कमी पात्याचा खटक्याचा चाकू सोबत ठेवता येतो, १९५८ पासून. लष्करालाही सूट आहे. या कलमातून एक गोष्ट उघड होते: हा चाकू उपयोगाचा आहे हे कायदा करणाऱ्यांना तेव्हाही ठाऊक होतं.

तिरकी_धार

पण केंद्राच्या अपवादावर विसंबून राज्यात फिरू नका. न्यूयॉर्क हे त्याचं जळजळीत उदाहरण.

तिथल्या ग्रॅव्हिटी चाकूच्या व्याख्येत गुरुत्वाकर्षणासोबत "केंद्रोत्सारी बल" असे शब्द होते. मूळ रोख वर सांगितलेल्या जर्मन पद्धतीच्या चाकूवर. प्रत्यक्षात पोलिसांनी त्यातून मनगटाच्या झटक्याची चाचणी काढली: मूठ धरायची, झटका द्यायचा, पातं उघडून अडकलं की गुन्हा. मग दुकानात उघडपणे विकले जाणारे, सुतार, वायरमन, स्वयंपाकी यांच्या खिशातले साधे लायनर लॉक ग्रॅव्हिटी चाकू ठरू लागले. दुकानदाराच्या हाताने न उघडलेला चाकू सरावलेल्या शिपायाच्या हाताने उघडतो. चौथ्या प्रयत्नात उघडला तर? नवा असताना घट्ट, वर्षभराने सैल झाला तर? मालकाला हे आधी कळणार कसं?

केंद्रीय अपील न्यायालयाने २०१८ मध्ये कायदा टिकवला. मार्च २०१९ मध्ये क्रॅको विरुद्ध व्हान्स खटल्यात जिल्हा न्यायाधीशांनी मात्र तो त्या अर्जदारापुरता संदिग्धतेच्या कारणावरून घटनाबाह्य ठरवला. राज्यपालांनी २०१६ आणि २०१७ मध्ये दुरुस्ती परत पाठवली होती, अखेर ३० मे २०१९ ला सही केली आणि ग्रॅव्हिटी चाकू बंदीच्या यादीतून गेला. खटक्याचा अजूनही तिथे बंदच आहे. शहराचा वेगळा नियम आहे तो वेगळाच: सार्वजनिक जागी ४ इंच किंवा त्याहून लांब पातं नको, आणि लहान पातंही उघड दिसता कामा नये. खिशाला लावलेली क्लिप बाहेरून दिसते, म्हणजे तीही अडचणच.

सहाण

तिरकी_धार, झटक्याच्या चाचणीत चाकू का उघडतो ते यंत्राच्या अंगाने लिहितो. कायद्यात "मिटण्याची ओढ" आली की सगळं डिटेंटवर येतं आणि त्याबद्दल फार कमी लोकांना माहिती असते.

लायनर लॉक आणि फ्रेम लॉकमध्ये कुलपाच्या पट्टीला आतून एक बारीक गोळी बसवलेली असते, साधारण दीड मिलिमीटर व्यासाची, पोलादी किंवा सिरॅमिक. पात्याच्या बुडाला एक खळगा असतो. पातं मिटलं की पट्टीच्या दाबाने गोळी त्या खळग्यात बसते. खळगा किंचित पुढे पाडलेला असतो, म्हणून गोळी उतारावर टेकून पात्याला आत ओढत राहते. हीच ती ओढ. गोळी खळग्यातून बाहेर पडली की ओढ संपते आणि पातं मोकळं.

ओढ कमी का होते? सर्वांत नेहमीचं कारण पिव्होटचा, म्हणजे पातं ज्यावर फिरतं त्या आसाचा, स्क्रू सैल होणं. पातं बाजूला हलतं, गोळी नीट बसत नाही. दुसरं, खळग्याची कड झिजून गोल होणं, हे वर्षानुवर्षं झटक्याने उघडणाऱ्यांच्या चाकूत दिसतं. तिसरं, साफसफाई करताना कुलपाची पट्टी उलटी वाकवली जाणं. दाब एकदम उतरतो. चौथं म्हणजे बेअरिंग. फॉस्फर ब्राँझच्या वॉशरवर पात्याला थोडं घर्षण असतं, ते चुकार डिटेंट झाकून नेतं. बेअरिंगवर फिरणाऱ्या पात्याला डिटेंटशिवाय अडवणारं काही नाही.

बॅक लॉकमध्ये गोळी नसते. पाठीची दांडी आणि तिची कमान पात्याच्या बुडावर दाबून ते मिटलेलं ठेवतात. हा प्रकार झटक्याला सहसा दाद देत नाही, पण काही हलके, लांब पात्याचे नमुने देतात.

आडव्या दांडीच्या कुलपाबद्दल पोलादपाणींनी विचारलंय. दांडीला दोन्ही बाजूंनी ओमेगाच्या आकाराच्या दोन तारा पुढे ढकलतात. दांडी जागेवर असताना मिटण्याची ओढ आहे. दांडी बोटांनी मागे खेचून धरली की ओढ शून्य, पातं वजनाने लोंबकळत खाली येतं. म्हणजे कळ दाबल्यावर गुरुत्वाकर्षणाने उघडतो हे वर्णन शब्दशः लागू होतं. अमेरिकेचा केंद्रीय अपवाद त्याला वाचवतो, कारण मिटण्याची ओढ निर्माण करणारी यंत्रणा त्यात आहे. असा अपवाद जिथे लिहिलेला नाही, तिथे तो धोक्यातला चाकू समजा.

तपासायचं कसं: पातं मिटवा, मूठ पातं बाहेर पडायची फट खाली येईल अशी आडवी धरा आणि हलवा. पातं जागचं हलता कामा नये. मग कुलपाला बोट न लावता मनगटाने पाच-सहा झटके द्या, समोर कुणी नको आणि चाकू निसटला तर पडायला मोकळी जागा हवी. एकदाही उघडलं तर झटक्याच्या व्याख्येखाली तो चाकू संशयित.

दुरुस्ती: पिव्होटला बहुधा टी-८ टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या टोकाचा पेचकस), मुठीच्या स्क्रूंना टी-६. पिव्होट एकावेळी अष्टमांश फेरा आवळा, दर वेळी उघडून पाहा. जास्त आवळलात तर पातं बोटाने हलेना आणि लायनर पूर्ण खाली उतरेना. अर्धवट बसलेलं कुलूप सैल डिटेंटपेक्षा वाईट, कारण ते बोटांवर मिटतं. हिशोब जमला की स्क्रू काढून आटे स्पिरिटने पुसा, निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे घट्ट धरून ठेवणाऱ्या चिकट द्रावाचा) टाचणीच्या टोकाएवढा थेंब लावा आणि २४ तास ठेवा. तो वॉशरवर ओघळला तर पातं चिकटतं आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं. लाल थ्रेडलॉकर वापरू नका, तापवल्याशिवाय स्क्रू निघणार नाही.

शंकासुर

मग असिस्टेड चाकूची तार काढून टाकली की तो साधा हाताने उघडायचा चाकू होतो आणि कायद्याचं झंझटच मिटतं, असं नाही का?

सहाण

नाही, बऱ्याचदा उलटं होतं. पिळाच्या तारेच्या असिस्टेड चाकूत तीच तार सुरुवातीच्या काही अंशांत पात्याला आत ओढते आणि मधला बिंदू ओलांडला की बाहेर ढकलते. अनेक नमुन्यांत वेगळी डिटेंट गोळीच नसते, असली तरी नावापुरती. तार काढली की मिटण्याची ओढ गेली. असिस्टेड म्हणून जो अपवादात बसत होता तो आता हलवल्यावर उघडणारा चाकू झाला. आणि खिशात आपोआप उघडला तर मांडी कापेल ते वेगळंच.

कलमबहाद्दर

ब्रिटनबद्दल लिहितो, कारण तिथली चौकट पूर्ण वेगळी आहे. तिथे हक्काची भाषाच नाही, कारणाची आहे.

सार्वजनिक जागी धारदार वस्तू बाळगणं हा १९८८ च्या फौजदारी न्याय कायद्याच्या कलम १३९ खाली गुन्हा. सूट फक्त घडीच्या खिशातल्या चाकूला, ज्याची धार ३ इंचांपेक्षा जास्त नाही. बाकी काहीही सोबत असेल तर सबळ कारण तुम्ही दाखवायचं: काम, धर्म, पारंपरिक पोशाख वगैरे. कमाल शिक्षा ४ वर्षं.

कायद्यात "कुलूप नको" असं कुठेही लिहिलेलं नाही. ते न्यायालयाने ठरवलं, १९९२ च्या हॅरिस खटल्यात: घडीचा चाकू म्हणजे जो कुठल्याही क्षणी नुसता मिटवून बंद होतो तो. आधी बटण दाबावं लागत असेल तर कायद्याच्या नजरेत तो अखंड पात्याच्या चाकूच्या रांगेत. १९९८ मध्ये अपील न्यायालयानेही डीगन खटल्यात तेच उचलून धरलं. परिणाम असा की २ इंची पात्याचा, लायनर लॉकचा छोटासा मल्टीटूलसुद्धा कारणाशिवाय खिशात चालत नाही, आणि पावणेतीन इंचांचा एका हाताने उघडणारा स्लिपजॉइंट चालतो. स्पायडर्को कंपनीचा यूके पेननाइफ नेमका याच फटीसाठी काढलेला: अंगठ्याचं भोक आहे, कुलूप नाही.

व्हिक्टोरिनॉक्सचे ९१ मिमी मुठीचे नेहमीचे नमुने यात बसतात. १११ मिमीच्या बहुतेक नमुन्यांना कुलूप असतं, ते बसत नाहीत. दिसायला भाऊ-भाऊ, म्हणून लोक फसतात.

गाडीतल्या कप्प्यात ठेवलाय म्हणून सुटका नाही. सार्वजनिक रस्त्यावरची गाडी म्हणजे घर नव्हे. "विसरून राहिला" हे एकट्याने सबळ कारण होत नाही.

तिरकी_धार

कलमबहाद्दर, फिशर विरुद्ध बेलचं पण लिहा की. वकिलीच्या पहिल्या वर्षाला सगळे शिकतात आणि त्यात चाकू होता हे निम्मे विसरतात.

कलमबहाद्दर

लिहितो. ब्रिस्टॉलमधल्या एका दुकानदाराने काचेमागे खटक्याचा चाकू ठेवला, सोबत ४ शिलिंगची चिठ्ठी. १९५९ च्या कायद्यात विक्री आणि "विक्रीचा प्रस्ताव" दोन्ही गुन्हे. उच्च न्यायालयाने १९६० मध्ये म्हटलं, काचेत वस्तू मांडणं हा करारकायद्यानुसार प्रस्ताव नव्हे, ते गिऱ्हाइकाने प्रस्ताव करावा म्हणून दिलेलं आमंत्रण. दुकानदार सुटला. १९६१ मध्ये संसदेने विक्रीसाठी मांडणं आणि विक्रीसाठी जवळ ठेवणं हेही घालून भोक बुजवलं.

पुढचं भोक बुजवायला मात्र साठ वर्षं लागली. २०१९ च्या कायद्याने खटक्याचे आणि ग्रॅव्हिटी चाकू घरातही बेकायदा केले, अंमल १४ जुलै २०२१ पासून, आधी मोबदला देऊन चाकू जमा करून घेतले. त्याच वेळी व्याख्या रुंदावली: बटण किंवा स्प्रिंग आता मुठीतच असायची गरज नाही, चाकूत कुठेही असली तरी चालते, आणि अर्धवट उघडलेल्या अवस्थेतून आपोआप पूर्ण उघडणंही त्यात आलं. हे शेवटचे शब्द थेट असिस्टेडवर रोखलेले आहेत. म्हणजे कानस यांनी सांगितलेला अमेरिकी अपवाद आणि ब्रिटिश व्याख्या एकमेकींच्या नेमक्या विरुद्ध टोकांना. तोच चाकू, तीच तार.

पोलादपाणी

हेच हवं होतं. जर्मनी आणि जपानचं मी जोडतो.

जर्मनीत १ एप्रिल २००८ पासून शस्त्र कायद्याचं कलम ४२अ: एका हाताने उघडतो *आणि* कुलूप लागतं, असा घडीचा चाकू सोबत नेता येत नाही. १२ सेंटिमीटरपेक्षा लांब अखंड पातंही नाही. दोन अटी एकत्र आहेत हे महत्त्वाचं. कुलूप आहे पण दोन हातांनी उघडावा लागतो तो चालतो. एका हाताने उघडतो पण कुलूप नाही तोही. म्हणून तिथले उत्पादक एकाच चाकूच्या दोन आवृत्त्या काढतात, एक खुंटीची, एक बिनखुंटीची. खुंटी स्क्रूने बसवलेली असेल तर ती काढणं हा लोकांचा आवडता उपाय. पण मग पात्याचं टोक किंवा कड बोटाने पकडून एका हाताने उघडता येतं का ते पाहा, आणि खुंटीच पात्याला मागे थांबवत असेल तर काढूच नका. पातं आत जास्त उतरून धार मुठीच्या दुव्यावर आपटते.

व्यवसाय, खेळ, परंपरा अशा कारणांना सूट आहे, आणि बंद कुलपाच्या डब्यातून नेता येतो. चेनच्या पाऊचला छोटं कुलूप लावलं तरी पुरतं, नुसती चेन पुरत नाही. दंड १०,००० युरोपर्यंत जाऊ शकतो.

फुलपाखरी चाकू तिथे घरातही बंद. खटक्याच्या चाकूंपैकी कडेने उघडणारे, एकाच बाजूला धार असलेले, ८.५ सेंटिमीटरपर्यंतचे चालत होते, पण ३१ ऑक्टोबर २०२४ पासून तेही गेले, थोडे अपवाद वगळता.

जपानमध्ये मोजमाप सर्वांत काटेकोर. ६ सेंटिमीटरपेक्षा लांब पातं सबळ कारणाशिवाय सोबत नेणं गुन्हा. घडीच्या चाकूला ८ सेंटिमीटरपर्यंत सवलत, पण रुंदी १.५ सेंटिमीटर आणि जाडी अडीच मिलिमीटरच्या आत हवी आणि उघडं पातं अडकवणारी यंत्रणा नको. आजकालच्या कुलपाच्या चाकूंचं पातं सर्रास ३ मिलिमीटर जाड असतं, म्हणजे सवलत जाडीवरच बाद. आपोआप ४५ अंश किंवा जास्त उघडणारे चाकू मुळात बाळगायलाच बंदी आहे, तिथे ५.५ सेंटिमीटरची अरुंद सूट आहे, तीही आणखी अटींवर.

कानस

आणि ६ सेंटिमीटरच्या आतला असला की झालं असं जपानमध्ये समजू नये. किरकोळ गुन्ह्यांच्या वेगळ्या कायद्याखाली कारणाशिवाय लपवून नेलेला लहान चाकूही धरतात.

भारताचं दोन ओळींत, कारण विचारलं जाणारच. १९५९ चा शस्त्र कायदा, कलम २ मध्ये निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या कामाच्या वस्तू वगळलेल्या. नियमांच्या अनुसूचीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. पण कलम ४ खाली सरकार ठरावीक भागासाठी ठरावीक वर्णनाच्या हत्यारांवर अधिसूचना काढू शकतं, आणि घडीच्या चाकूचा फास तिथे आहे. दिल्लीची १९८० ची अधिसूचना बटणदार, गरारीदार, स्प्रिंगचे आणि इतर यांत्रिक युक्तीने उघड-मीट होणारे चाकू धरते, पातं ७.६२ सेंटिमीटर लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद किंवा त्याहून मोठं असेल तर. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालचे तात्पुरते मनाई आदेश, त्यात चाकूचा नावानिशी उल्लेख असतो. ९ इंचांचा आकडा पाठ करून बसणारे हे दोन थर विसरतात.

शंकासुर

३ इंच म्हणजे ७.६२ सेंमी. माझ्या चाकूच्या डब्यावर ७.७ लिहिलंय, पण धार मोजली तर ७.३ भरते. कुठलं धरायचं?

सहाण

जिथला कायदा, तिथली मोजणी. ब्रिटिश कलमात "पात्याची कापणारी धार" असे शब्द आहेत. अमेरिकेतल्या अनेक कायद्यांत नुसतं "पातं", मोजायचं कसं ते नाहीच. तिथल्या उत्पादकांच्या संघटनेची शिफारस अशी: टोकापासून मुठीच्या सर्वांत पुढे आलेल्या बिंदूपर्यंत सरळ रेषा. म्हणजे धार नसलेला मुठीजवळचा भागही धरला जातो.

मोजताना चाकू पूर्ण उघडून कागदावर आडवा ठेवा. मुठीचा पुढचा सर्वांत बाहेर आलेला बिंदू आणि टोक, दोन्हीकडे पात्याच्या लांबीला काटकोनात रेघ मारा, चाकू बाजूला ठेवून पोलादी पट्टीने अंतर घ्या. पात्याच्या बाकावरून शिंप्याची टेप फिरवू नका, आकडा फुगतो. मुठीचा पुढचा भाग तिरका असेल तर दोन बाजूंना दोन उत्तरं येतात, मोठं धरा. तुमच्या चाकूचं उत्तर: ब्रिटिश शब्दांत ७.३, पण रस्त्यात अडवणाऱ्याच्या हातात कागद आणि पट्टी नसते. सीमेच्या इतक्या जवळचा चाकू कशाला?

मुद्देसूद

इथे सगळे धारवेडे आहेत म्हणून दुसरी बाजू मी मांडतो. खटक्याच्या चाकूला बंदी घातल्याने कुणाचं काय अडतं? दोर कापायला स्लिपजॉइंट आहे. १९५८ च्या आसपास दोन्ही देशांत टोळक्यांची भीती होती, ती खोटी नव्हती. पटकन निघणारं, लपवायला सोपं हत्यार कमी असावं ही अपेक्षा गैर नाही. काउंटरवर विक्रीच थांबवली तर पोरांच्या हाती जाणं थोडं तरी कमी होतं.

तिरकी_धार

विक्रीवरचं बंधन आणि वय १८ ची अट यावर माझं भांडण नाही, मुद्देसूद. माझं भांडण यंत्रणेवर बेतलेल्या बाळगण्याच्या गुन्ह्याशी आहे. खटक्याचं पातं उघडायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यातच सरावलेला माणूस फ्लिपर उघडतो. आणि म्यानातून निघणाऱ्या अखंड पात्याला तर काही उघडावंच लागत नाही. मग जो फरक धोक्यात नाही, त्यावर तुरुंग का? न्यूयॉर्कमध्ये त्याचा भार कुणावर पडला तेही वर आलंय: हातावर पोट असणाऱ्यांवर.

हक्काच्या बाजूने म्हणाल तर अमेरिकी न्यायालयं याच वाटेने जाताहेत. ओरेगॉनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच डेल्गाडो खटल्यात सांगितलं, स्विचब्लेड म्हणजे जुन्या घडीच्या चाकूचाच तांत्रिक वंशज, राज्यघटनेतल्या शस्त्रहक्कात बसतो. ऑगस्ट २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने कानहुरा खटल्यात स्विचब्लेड बाळगण्याची बंदी शस्त्रहक्क देणाऱ्या केंद्रीय दुसऱ्या घटनादुरुस्तीखाली रद्द केली. टेक्सासने तर २०१३ मध्येच खटक्याचे मोकळे केले, आणि २०१७ पासून तिथे प्रश्न उरला तो फक्त साडेपाच इंचांहून लांब पातं कुठे न्यायचं नाही याचा. माझ्या मते नियमाची हीच शहाणी रीत: जागा आणि लांबी, जे मोजता येतं ते.

कलमबहाद्दर

हक्काच्या वाटेला एक विचित्र खड्डा आहे. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सिएटल विरुद्ध इव्हान्समध्ये म्हटलं की भाजी सोलायची सुरी हे "शस्त्र" नाहीच, मग तिला शस्त्रहक्काचं संरक्षणही नाही. म्हणजे चाकू जितका हत्यारासारखा, तितका घटनेच्या छत्राखाली, आणि सोलायची सुरी उघड्यावर! मुद्देसूद यांची भीती पटो न पटो, निव्वळ हक्कावर उभा राहिलेला कायदा कामाच्या अवजाराला कमी जागा देतो. मला स्वतःला यामुळे ब्रिटिश "सबळ कारण" इतकं वाईट वाटत नाही, फक्त कुलपाबद्दलचा न्यायालयाचा अर्थ सुरक्षेच्या दृष्टीने उलटा आहे. कुलूप असतं ते बोटं वाचवायला.

मुद्देसूद

कुलपाचा मुद्दा मान्य. बाकीचं नाही.

शंकासुर

शेवटचा व्यावहारिक प्रश्न. प्रवासात देश बदलत जायचेत, एकच चाकू न्यायचा तर कसा? आणि टपालाने मागवला तर?

पोलादपाणी

चाकू: स्लिपजॉइंट, नखाची खाच, एका बाजूला धार, पातं ६ सेंटिमीटरच्या आत. ब्रिटन, जर्मनी, जपान तिन्हींच्या मापात बसतो. अमेरिकेच्या केंद्रीय कार्यालयांत अडीच इंचांपेक्षा कमी पात्याच्या खिशातल्या चाकूला शस्त्र मानत नाहीत, म्हणजे ६.३५ सेंटिमीटर, त्यातही बसला. तरी दारावरचा पहारेकरी अडवू शकतो.

विमानात हातातल्या सामानात नाही. २०१३ मध्ये अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेने ६ सेंटिमीटरपर्यंतच्या बिनकुलपी चाकूंना केबिनमध्ये परवानगी जाहीर केली होती, तीन महिन्यांत मागे घेतली. मोठ्या बॅगेत, पातं गुंडाळून, म्हणजे तपासणाऱ्याचा हात कापणार नाही.

टपालाने मागवताना पाठवणाऱ्याच्या देशात चालतो एवढं पुरत नाही. जिथे उतरणार तिथल्या व्याख्येला लागतो. कॅनडाची व्याख्या "केंद्रोत्सारी बल" अजून धरून आहे, त्यामुळे सैल डिटेंटचा फ्लिपर तिथल्या सीमेवर प्रतिबंधित शस्त्र ठरू शकतो. जप्त झाला तर पैसे परत मिळतील या भरवशावर राहू नका, आणि पाकिटावर "स्वयंपाकघरातलं साहित्य" असं तर मुळीच लिहायला लावू नका. खोटी घोषणा हा वेगळा गुन्हा.

कानस

त्या ६ सेंटिमीटरच्या स्लिपजॉइंटला एक पुरवणी. जर्मनीत २०२४ च्याच दुरुस्तीने लांब पल्ल्याच्या गाड्यांत आणि जत्रा, सामने अशा सार्वजनिक कार्यक्रमांत सगळ्याच चाकूंना बंदी आहे, पातं कितीही छोटं असो. गाडीत न्यायचाच असेल तर चटकन हात जाणार नाही असा, बंद डब्यात घालून बॅगेच्या तळाशी.

शंकासुर

कुलपाचा पाऊच घेतोच मग. सहाण, पिव्होट आवळून पाहिला, अष्टमांश फेऱ्यात झटक्याला उघडायचा थांबला.

सहाण

थ्रेडलॉकर लावा, नाहीतर सैल होईल.